लव्हाळ्याच्या गाठी मे महिन्यातच वाळवा

ऊस निघालेल्या किंवा पडीक राहिलेल्या रानात लव्हाळा असेल, तर पावसाआधीचे हे दोन महिने हातचे घालवू नका. पण आधी तण नीट ओळखा. दांडा बोटांत धरून फिरवा. तीन कडा हाताला लागल्या, आत भरीव असला आणि पेरं नसली, तर ते गवत नव्हे, बहुधा सायपेरस प्रजातीतला मोथा आहे. या प्रजातीच्या शेकडो जाती जगभरच्या उष्ण प्रदेशांत पसरलेल्या आहेत. भातखाचरातले सायपेरस आयरिया आणि सायपेरस डिफॉर्मिस हे मोथे बियांवर वाढतात. बी धरायच्या आत उपटले की भागतं.

लव्हाळा, म्हणजेच नागरमोथा (सायपेरस रोटंडस), असा उपटून जात नाही. त्याचा तुरा तांबूस-तपकिरी असतो, बी क्वचितच उगवतं. सगळा पसारा जमिनीतल्या गाठींचा. तारेसारख्या आडव्या खोडांनी त्या माळेसारख्या जोडलेल्या असतात. माळ अखंड असेपर्यंत शेंड्याकडची गाठ फुटते, मागच्या बऱ्याचशा निजून राहतात. ओलीत रोटाव्हेटर फिरवला की माळ तुटते, निजलेल्या गाठी जाग्या होतात आणि सगळ्या रानभर पसरतात. लव्हाळ्याच्या रानात ओलीवर रोटाव्हेटर नकोच.

बहुतेक गाठी वरच्या वीतभर थरात असतात. म्हणून एप्रिल-मेमध्ये 20 ते 25 सें.मी. खोल नांगरट करा आणि ढेकळं तशीच तापू द्या. आठ-दहा दिवसांनी कुळवाची पाळी द्या, वर आलेल्या गाठी वेचून बांधाबाहेर जाळा, पुन्हा तापू द्या. मधे पाणी देऊ नका. गाठ मरते ती वाळून, आणि एका भिजवणीनं सगळी मेहनत वाया जाते. बांधावर टाकलेली गाठही पावसात पुन्हा रुजते.

पेरणीनंतरची पहिली खुरपणी लव्हाळा उगवल्यापासून तीन आठवड्यांच्या आत उरका, कारण पुढे नव्या गाठी धरू लागतात. सावली याला सोसत नाही. रिकाम्या रानात ताग दाट पेरा. प्लास्टिक आच्छादनावर मात्र विसंबू नका, याचा टोकदार कोंब ते भोसकून वर येतो.

उसात व मक्यात लव्हाळा 3 ते 5 पानांवर असताना हॅलोसल्फ्युरॉन मिथाईल 75 टक्के हे तणनाशक, एकरी 36 ग्रॅम, जमिनीत ओल असताना फवारा. फवारा लव्हाळ्याच्या पानांवर पडला पाहिजे. शेजारी सोयाबीन, भाजीपाला असेल तर वारा पाहूनच फवारणी करा.

तळ्यातला गाळ, रोपांच्या पिशवीतली माती आणि भाड्याच्या ट्रॅक्टरचा नांगर, या तिन्ही वाटांनी गाठी नव्या रानात येतात. गाळ पसरण्याआधी दोन पाट्या चाळून बघा. नांगर रानात शिरण्याआधी खरवडून घ्या.