स्कॅनर गप्प झाला की लगेच एन्क्रिप्शनला शिव्या देऊ नका, आधी या चुका टाळा

अमेरिकेत स्कॅनरवर (नुसतं ऐकायच्या रेडिओ सेटवर) पोलीस-फायरचा रेडिओ ऐकायचा नाद असलेल्या आपल्या मंडळींचं हल्ली एकच रडगाणं, "सगळं एन्क्रिप्ट झालं हो, आता ऐकायला उरलंय काय!" एन्क्रिप्शन म्हणजे किल्लीशिवाय उलगडणार नाही अशा रूपात आवाज पाठवणं. रडगाणं अर्धं खरंय. शिकागो पोलिसांचे झोन (भागवार चॅनल) २०२२ मध्ये एकेक करत बंद झाले, तिथे आता ऑनलाइन मिळतं ते ३० मिनिटं उशिरा. न्यूयॉर्कमध्ये जुलै २०२३ ला उत्तर ब्रुकलिनपासून सुरुवात झाली. कॅलिफोर्नियात २०२० मध्ये राज्याच्या न्याय खात्याचं पत्रक आलं की लोकांची खाजगी माहिती उघड्या चॅनलवर जाता कामा नये, मग बऱ्याच शहरांनी फक्त ती माहिती झाकायची सोडून अख्खा चॅनलच कुलूपबंद केला. पण बे एरियात (सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात) "एन्क्रिप्शनमुळे" गप्प पडलेले कितीतरी स्कॅनर प्रत्यक्षात भलत्याच कारणाने गप्प असतात.

म्हणून पहिली चूक म्हणजे न बघताच निष्कर्ष काढणं. रेडिओरेफरन्स या साइटवरच्या यादीत टॉकग्रुपच्या (एका गटाच्या बोलण्याच्या चॅनलच्या) पुढे मोड लिहिलेला असतो, तो वाचा. डी म्हणजे डिजिटल, टी म्हणजे टीडीएमए (एकाच फ्रिक्वेन्सीवर वेळ वाटून बोलणं), आणि त्याला मोठा ई जोडलेला असेल तर विषय संपला, तो कायमचा एन्क्रिप्टेड. लहान ई असेल तर कधी उघडा कधी बंद, असला टॉकग्रुप लोक वैतागून अव्हॉइडमध्ये (वगळायच्या यादीत) टाकतात आणि विसरतात. युनिडेन कंपनीच्या स्कॅनरवर अव्हॉइडचं बटण एकदा दाबलं तर तात्पुरतं, पटकन दोनदा दाबलं तर कायमचं, मग तो उघडा बोलला तरी तुम्हाला कळणारच नाही. अजून एक, कंट्रोल चॅनल (कुठला टॉकग्रुप कुठल्या फ्रिक्वेन्सीवर ते सांगणारा) सहसा उघडाच असतो, त्यामुळे टॉकग्रुपचा नंबर स्क्रीनवर नाचताना दिसतो आणि आवाज मात्र शून्य, तेव्हा स्कॅनर बिघडलाय असं समजून दुकानात परत करायला धावू नका.

जुना स्कॅनर असेल तर फेज बघा. सिलिकॉन व्हॅली रीजनल कम्युनिकेशन्स सिस्टम ही तिथली पोलीस-फायरची रेडिओ व्यवस्था पी२५ या डिजिटल मानकाच्या फेज २ ची आहे, एकाच फ्रिक्वेन्सीवर दोन संभाषणं आळीपाळीने जातात, आणि फक्त फेज १ समजणाऱ्या स्कॅनरला त्यातलं काही झेपत नाही. बाओफेंग वॉकी-टॉकीचं तर नावच काढू नका, ॲमेझॉनवर स्वस्तात मिळतो म्हणून घेतात, पण तो यूव्ही-५आर ८०० मेगाहर्ट्झपर्यंत पोचतही नाही, पी२५ डीकोड करत नाही, आणि वर चुकून बटण दाबलं गेलं की तुम्ही भलत्याच चॅनलवर ट्रान्समिट करून बसता.

आता सगळ्यात जास्त डोकं खाणारी गोष्ट, सिमुलकास्ट. एकच सिग्नल चार-पाच टॉवरवरून एकाच वेळी सुटतो आणि तुमच्याकडे तो किंचित मागेपुढे पोचतो, पोलिसांच्या रेडिओला ते जमतं, साध्या स्कॅनरचा गोंधळ उडतो. लक्षण अगदी ठरलेलं: सिग्नलचे दांडे फुल्ल, आणि आवाज तुटक किंवा नाहीच. इथे लोक अजून मोठा अँटेना लावतात, तो म्हणजे आगीत तेल, कारण आता दूरचे टॉवरही आत येतात. उलट करायचं, अँटेना लहान करा, ॲटेन्युएटर (सिग्नल कमी करणारा) लावा, स्कॅनर खिडकीतून काढून घरातल्या अशा कोपऱ्यात ठेवा जिथे एकच टॉवर जोरात येतो, किंवा यागी (एका दिशेचा अँटेना) लावून एकाच दिशेला धरा. पैसे खर्च करायचे असतील तर युनिडेनचा एसडीएस१०० किंवा २००, ते याच दुखण्यासाठी काढलेत. कंप्युटरला यूएसबी डोंगल लावून ऐकणाऱ्यांनी एसडीआरट्रंक या सॉफ्टवेअरमध्ये मॉड्युलेशनची सेटिंग सी४एफएमवरून एलएसएमवर (सिमुलकास्टसाठीची) करून बघावं, एवढ्याने कित्येकांचं काम होतं. आणि एक आरटीएल डोंगल एका वेळी साधारण २.४ मेगाहर्ट्झच बघतो, व्हॉइस चॅनल त्याबाहेर पडला की कॉल यादीत दिसतो पण ऐकू येत नाही, दुसरा डोंगल लावा.

कॅलिफोर्निया हायवे पेट्रोलची (सीएचपी) कथाही अशीच, अँटेनाच चुकतो. त्यांचा ॲनालॉग रेडिओ ४० मेगाहर्ट्झच्या आसपास चालतो, आणि लोक ८०० मेगाहर्ट्झचा बोटभर अँटेना लावून "सीएचपी पण बंद झालं" म्हणतात. हिशोब करा ना राव, ८५५ मेगाहर्ट्झला पाव तरंगलांबीचा अँटेना जेमतेम ९ सेंटीमीटर, ४२ ला तोच पावणेदोन मीटरच्या पुढे.

बरं, खरंच एन्क्रिप्शन आहे हे कसं ओळखायचं? डीकोडर सॉफ्टवेअरमध्ये अल्गोरिदमचा (एन्क्रिप्शनच्या पद्धतीचा) आकडा दिसतो: ८० म्हणजे उघडं, ८४ म्हणजे एईएस-२५६, ८१ म्हणजे डीईएस, एए म्हणजे मोटोरोलाचं एडीपी. स्कॅनर एन्क्रिप्शन ओळखत नसेल तर कोणी गुळण्या करतंय असा आवाज येतो. ८४ दिसलं की सोडून द्या. एन्क्रिप्शन उलगडायची किल्ली पोलिसांच्या रेडिओच्या आत भरलेली असते, तुमच्याकडे ती नाही, कुठलं फर्मवेअर किंवा "अनलॉक कोड" विकणारा भेटला तर तो तुम्हाला गंडवतोय, शिवाय एन्क्रिप्टेड संभाषण फोडून ऐकणं हा फेडरल गुन्हा आहे.

पण एन्क्रिप्टेड चॅनलच्या याद्या कायमच्या समजू नका. कॅलिफोर्नियातल्या पालो अल्टो शहराने पोलिसांचा चॅनल जानेवारी २०२१ मध्ये बंद केला आणि २०२२ मध्ये परत उघडला, खाजगी तपशील अधिकारी आता फोनवर किंवा गाडीतल्या कंप्युटरवर घेतात. म्हणजे पत्रक पाळूनही चॅनल उघडा ठेवता येतो, हे बाकीच्या शहरांना जमत नाही यावर माझा तरी विश्वास नाही. अजून तरी बऱ्याच ठिकाणी फायर उघडंच आहे, तेव्हा पोलीस गेले म्हणून स्कॅनर विकायला काढायची घाई नको. ॲपवरचा फीड (कुणीतरी आपल्या स्कॅनरचा आवाज नेटवर सोडलेला) बंद दिसला तरी घाबरू नका, तो कुणाच्या तरी घरच्या वायफायवर चाललेला असतो.

गाडीत ठेवत असाल तर राज्याचा कायदा बघा, न्यूयॉर्कमध्ये पोलीस फ्रिक्वेन्सी ऐकणारा सेट गाडीत ठेवायला परवाना लागतो, हॅम (हौशी रेडिओ) लायसन्सवाल्यांना सूट आहे. आणि सुट्टीत पुण्या-मुंबईला येताना भावाला दाखवायला म्हणून स्कॅनर बॅगेत टाकू नका, भारतात रेडिओ उपकरण नुसतं जवळ बाळगायलाही परवानगी लागते, १९३३ च्या कायद्यातही होतं आणि २०२३ च्या टेलिकॉम कायद्यातही आहे.