हायब्रिड एसयूव्हीचं ॲव्हरेज कोकणात का पडतं? या चुका टाळा

शोरूममध्ये लिटरमागे २७.९७ किलोमीटरचा आकडा ऐकून गाडी घेतली आणि पहिल्याच शिमग्याला गावी जाऊन आल्यावर स्क्रीनवर १७ दिसले, ही तक्रार महाडपासून सावंतवाडीपर्यंत कुठेही ऐकायला मिळते. बऱ्याचशा गाड्यांना झालेलं काहीच नसतं. आकडा चुकीचा वाचलेला असतो, नाहीतर जुन्या डिझेल गाडीच्या सवयी तशाच पुढे चालू असतात. काही गाड्यांत मात्र खरंच बारीकसारीक दोष निघतो, आणि तो बहुतेक वेळा घराच्या अंगणातच सापडतो.

हायब्रिड म्हणजे पेट्रोल इंजिनाच्या जोडीला विजेची मोटर आणि बॅटरी. तिला बाहेरून वीज मिळत नाही, हे आधी लक्षात घ्या. बॅटरीतलं प्रत्येक युनिट शेवटी टाकीतल्या पेट्रोलमधूनच आलेलं असतं. ब्रेक मारताना जे वाया गेलं असतं ते साठवायचं, पुढच्या वळणानंतर वापरायचं आणि मंद वेगात इंजिन बंद ठेवायचं, एवढंच काम ही यंत्रणा करते. म्हणून जिथे मुळात वाया खूप जातं तिथे ती जास्त वाचवते. गुहागर–वेळणेश्वर–हेदवीचा चिंचोळा, वळणावळणाचा रस्ता तिला मानवतो. सरळ काँक्रीटवर शंभराने पळवलीत तर ती एक चांगली पेट्रोल गाडी असते, त्याहून फार काही नाही.

नावातलं ‘हायब्रिड’ तपासलं का?

मारुतीची ग्रँड व्हिटारा आणि टोयोटाची हायरायडर या दोन्ही गाड्या २०२२ मध्ये आल्या त्या दोन प्रकारांत. एक माइल्ड हायब्रिड. हिच्यात छोटी मोटर इंजिनाला फक्त हातभार लावते, गाडी एकट्या विजेवर कधीच चालत नाही. दुसरी स्ट्राँग हायब्रिड, जी बाजारपेठेतून इंजिन बंद ठेवूनही सरकते. २७.९७ हा आकडा दुसरीचा आहे. सेकंड हँड घेताना यात सर्रास फसगत होते. सोपी खूण सांगतो: क्लच असेल तर ती स्ट्राँग नव्हे. पण ऑटोमॅटिक आहे म्हणजे स्ट्राँगच, असंही नाही. आरसी आणि व्हेरियंटचं नाव बघा.

प्रयोगशाळेतला आकडा कशेडीला लावू नका

कंपनीचा आकडा ठरावीक चाचणीतून येतो. गाडी रोलरवर उभी असते, एसी बंद, वेग जास्तीत जास्त ९० आणि सरासरी बत्तीसच्या आसपास. मधे थांबे भरपूर, म्हणजे हायब्रिडला अगदी सोयीचं. त्यात चढ नाही, मे महिन्यातला घाम नाही, मागच्या सीटवर तीन माणसं आणि डिकीत तांदळाची पोती नाहीत. भरीला आता पंपावर मिळतं ते ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. इथेनॉलच्या एका लिटरमध्ये पेट्रोलच्या लिटरपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी, म्हणजे २० टक्के मिसळल्यावर शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत लिटरमागे सहा-सात टक्के आधीच गेले. त्याचा दोष गाडीला देऊन उपयोग नाही.

माझ्या मते या आकाराच्या स्ट्राँग हायब्रिडने कोकणात एसी लावून, जाऊन-येऊन २० ते २३ दिले तर गाडी ठणठणीत आहे. इनोव्हा हायक्रॉससारख्या मोठ्या गाडीकडून तेवढी अपेक्षा करूच नका.

घाट उतरताना न्यूट्रल: सगळ्यात महाग चूक

घाट लागला की गाडी न्यूट्रलला टाकायची, ही आपल्याकडची जुनी खोड. कुठल्याही गाडीत ती धोक्याचीच. हायब्रिडमध्ये तर ती उलटी नुकसानीचीही आहे, कारण ‘एन’ (न्यूट्रल) मध्ये बॅटरी चार्ज होत नाही. आंबा घाट ‘एन’ मध्ये उतरलात तर पायथ्याच्या साखरप्याला पोचेपर्यंत उताराची फुकट वीज गमावलीत आणि ब्रेकही तापवलेत. गाडी ‘डी’ (ड्राइव्ह) मध्येच ठेवा. वळणाच्या बऱ्याच आधी, हलक्या पायाने ब्रेक लावा. हलक्या ब्रेकला मोटर जनरेटर होऊन वीज बनवते. ऐनवेळी करकचून दाबलात की पॅड घासले जातात आणि सगळं उष्णतेत जातं.

आता ज्या आवाजाने लोक घाबरतात त्याबद्दल. आंबोली घाट उतरायला घेतला की स्क्रीनवरच्या बॅटरीच्या रेघा भराभर वर चढतात. काही वळणांत त्या टोकाला जातात, चाकांकडून बॅटरीकडे जाणारा बाण नाहीसा होतो, आणि ॲक्सिलरेटरवर पायही नसताना इंजिन एकदम बोंबलायला लागतं. गाडी बिघडलेली नाही. बॅटरी भरली, आता वीज ठेवायला जागा नाही, म्हणून संगणक इंजिन नुसतं फिरवून गाडीला रोधतोय. त्यात पेट्रोल जळत नाही.

जागा इतक्या लवकर का संपते, त्याचं गणित सोपं आहे. माणसांसकट १६०० किलोची गाडी १०० मीटर खाली आली की साधारण ०.४ युनिट ऊर्जा मोकळी होते. आंबोली ६९० मीटरच्या आसपास, पायथा शंभरेक मीटरवर धरला तर एकूण अडीच युनिटच्या जवळपास. हायरायडरची बॅटरी सगळी मिळून पाऊण युनिटची, आणि संगणक ती ना पूर्ण भरू देतो ना पूर्ण रिकामी होऊ देतो. म्हणजे साठतं ते अर्ध्या युनिटहूनही कमी. बाकीची ऊर्जा गाडीला पुढे ढकलण्यात, हवा कापण्यात आणि ब्रेकमध्ये जाते.

चढताना हिशेब उलटा. तीच अडीच युनिटं इंजिनाला पेट्रोल जाळून द्यावी लागतात, आणि त्यासाठी सपाट रस्त्याच्या खर्चावर पाऊण लिटरच्या आसपास जादा लागतं. सावंतवाडी ते आंबोली तीसेक किलोमीटरला १४ दिसलं तर गाडीला बोल लावू नका. चढावर पाय स्थिर ठेवा. इंजिनाचा आवाज एका सुरात चढून राहतो, कारण या गाडीत नेहमीचे गिअर नाहीत. आवाज आला म्हणून पाय सोडायचा, वेग पडला की परत दाबायचा, हे करू नका. कुंभार्ली घाटात ट्रकच्या मागे असाल तर अंतर जास्त ठेवा, म्हणजे त्याच्या प्रत्येक ब्रेकला तुमचा ब्रेक लागणार नाही.

लिव्हरवरचा ‘बी’ लांब, तीव्र उतारासाठी आहे; त्यात इंजिन गाडीला जास्त रोधतं. तो लावून लोक थेट चिपळूण बाजारापर्यंत येतात. सपाटीवर ‘बी’ ठेवला तर पेट्रोल जास्त जातं; उतार संपला की ‘डी’.

माप कुठून कुठवर?

घाटमाथ्यावर ट्रिप मीटर शून्य करून रत्नागिरीत ‘गाडी ३२ देते’ म्हणणारा आणि परत चढून कोल्हापुरात ‘१५ वर आली’ म्हणून कपाळाला हात लावणारा, दोघंही चुकलेत. जाऊन-येऊनच मोजा. टाकी फुल, ऑटो-कट पडला की थांबायचं, नोझल हलवून ‘अजून थोडं’ भरायचं नाही. पुढची भरणी शक्यतो त्याच पंपावर. सलग तीन-चार टाक्यांचे लिटर आणि किलोमीटर बेरजेने भागा. दहा लिटरच्या भरणीत एक लिटर मागेपुढे झालं तर आकडा दहा टक्क्यांनी हलतो, म्हणून एका भरणीवर भांडू नका.

आणि ‘ईव्ही ६० टक्के’ असं स्क्रीन म्हणते त्याचा अर्थ पेट्रोल ६० टक्के वाचलं असा नाही. इंजिन बंद असताना चाललेला तो वाटा आहे. तो वाढवायला काहीजण पंचवीसच्या वेगाने रांगत जातात, मागे एसटी हॉर्न वाजवत असते, आणि बॅटरी उतरली की इंजिन ती भरायला जादा पेट्रोल जाळतं. वेग सरळ इंजिनावर घ्या आणि नंतर पाय थोडा सैल करा, मोटर आपोआप पुढे येते.

नवा हायवे, जेट्टी आणि बाजाराची फेरी

खारेपाटण ते झाराप रस्ता एवढा मोकळा आहे की काटा कधी शंभरावर गेला कळत नाही. ८० वरून १०० वर गेलात की हवेचा रोध दीडपटीहून जास्त होतो, आणि तिथे ब्रेकच नसल्याने हायब्रिडला परत मिळवायला काही उरत नाही. ८० ते ८५ वर चालवून बघा, फरक त्याच टाकीत दिसेल. कॅरिअरवर हापूसच्या पेट्या नेल्यात तर हंगाम संपल्यावर कॅरिअर उतरवा. रिकामा कॅरिअरही पेट्रोल खातो.

दाभोळ–धोपावे किंवा जयगड–तवसाळ फेरीसाठी रांगेत असताना एसी चालू ठेवून बसलात की इंजिन बंदच राहील ही समजूत चुकीची. एसी बॅटरीवर चालतो, बॅटरी उतरली की इंजिन सुरू होऊन ती भरतं, आणि एक मीटरही पुढे न जाता ॲव्हरेज घसरतं. दोन किलोमीटरवरच्या बाजाराच्या फेऱ्यांचंही तसंच. थंड इंजिन तापवायला ते बॅटरी भरलेली असतानाही सुरू राहतं. मासळी, गॅस, बँक एकाच फेरीत उरका.

हे सगळं पाळूनही आकडा पडत असेल तर

टायरची हवा सकाळी, गाडी थंड असताना तपासा. दिसायला रांगडे, रुंद टायर टाकले असतील तर कारण तिथेच सापडलं.

मग ब्रेक. हा किनाऱ्याचा खास आजार. हायब्रिडमध्ये बरंचसं ब्रेकिंग मोटर करते, त्यामुळे डिस्क फार वापरात येत नाही, आणि खाऱ्या हवेत, त्यात पावसाळ्यात, डिस्कवर गंज धरतो, कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) पिना अडकतात. पाच-सहा किलोमीटर सपाट रस्त्यावर जाऊन या आणि चारही चाकांजवळ हात न्या, डिस्कला मात्र शिवू नका. एक चाक बाकीच्यांपेक्षा स्पष्ट गरम असेल तर ब्रेक धरून बसलाय. सर्व्हिसला पिना साफ करून ग्रीस लावायला मुद्दाम सांगा.

पुढे मागच्या सीटजवळची जाळी. हायब्रिड बॅटरी थंड ठेवणारी हवा तिथून आत जाते. नेमकी जागा मॉडेलप्रमाणे मॅन्युअलमध्ये बघा. आंब्याच्या पेट्यांतला पेंढा, गोणपाटाचे तंतू, कुत्र्याचे केस तिथे जाऊन बसतात. बॅटरी तापली की संगणक तिचा वापर आखडता घेतो आणि इंजिन जास्त चालतं. जाळीवर पिशव्या ठेवू नका, आंब्याचा हंगाम संपला की फिल्टर साफ करून घ्या. नाक्यावरच्या गॅरेजात ऑइल बदललं असेल तर ग्रेडही विचारा. मॅन्युअलमध्ये सांगितलंय त्याहून जाड ऑइल घातल्याने इंजिन जड चालतं.

चाकरमान्यांसाठी एक वेगळी गोष्ट. गाडी गावी महिना-दोन महिने उभी राहिली आणि गाडी चालायला तयार असल्याचा ‘रेडी’चा दिवा लागतच नसेल तर हायब्रिड बॅटरी गेली असं समजू नका. बहुधा साधी १२ व्होल्टची बॅटरी उतरलेली असते, आणि तिच्याशिवाय संगणकच जागा होत नाही. घरच्या कुणाला तरी आठवड्यातून एकदा अर्धा तास गाडी ‘रेडी’ करून ठेवायला सांगा.

इतकं करूनही तीन-चार टाक्यांचा हिशेब १६-१७ च्या खालीच राहिला, तर तो कागद घेऊनच सर्व्हिस सेंटरला जा आणि हायब्रिड बॅटरीची तपासणी लेखी मागा. हायरायडरच्या हायब्रिड बॅटरीला ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर, यातलं जे आधी होईल तोवर वॉरंटी आहे.