नवाजो रिझर्वेशनचे जुने टोपो नकाशे कुठे मिळतात, कसे वाचायचे
नाशिकमध्ये जीआयएस (संगणकावर नकाशे हाताळणं) शिकणाऱ्या किंवा ट्रेक करणाऱ्या कोणालाही वाळवंटाचा नकाशा वाचायला शिकायचा असेल तर मी नवाजो रिझर्वेशनपासून (अमेरिकेतल्या नवाजो आदिवासींचा राखीव मुलूख) सुरुवात करा म्हणतो, कारण तिथले जुने टोपो, म्हणजे जमिनीचे चढउतार दाखवणारे नकाशे घरबसल्या फुकट मिळतात आणि त्यात बघण्यासारखं खूप आहे.

यूएसजीएसच्या (अमेरिकेची सरकारी भूसर्वेक्षण संस्था) टोपोव्ह्यू साइटवर जा, इंग्रजीत चिनली, अ‍ॅरिझोना (तिथलं एक गाव) असं सर्च करा. पार १८८० च्या दशकापासूनच्या शीट, म्हणजे नकाशाचे एकेक कागद, येतात. सुरुवातीच्या १:२,५०,००० च्या, त्यात अख्खा डोंगर बोटाखाली झाकला जातो, नंतर १:६२,५०० आणि १:२४,००० च्या. क्यूजीआयएस (नकाशांचं सॉफ्टवेअर) वापरत असाल तर जिओटिफ फाइल घ्या, गूगल अर्थवर बघायचं असेल तर केएमझेड फाइल.

उघडल्यावर आधी खालचा मजकूर वाचा. विमानातून फोटो कधी काढले, जागेवर जाऊन कधी तपासलं, ते तिथे लिहिलेलं असतं आणि छपाईचं साल वेगळं असू शकतं. जांभळ्या रंगात जे दिसेल ते नंतर फोटोवरून घातलंय, बहुतेक वेळा जागेवर न तपासता. कॉन्टूर (समान उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) फुटात असतात, मीटरमध्ये नाही, आपल्या सर्व्हे ऑफ इंडियाच्या शीटची सवय असेल तर इथे हमखास गडबड होते. मेसा, म्हणजे सपाट माथ्याचा उभ्या कड्यांचा डोंगर, ओळखायला अंजनेरी डोळ्यासमोर आणा, वर मोकळं सपाट आणि कडेला रेषा एकमेकींना चिकटलेल्या.

आता पाणी, माझ्या मते खरा नकाशा हाच. तुटक निळी रेषा म्हणजे वर्षातला बराच काळ कोरडा असणारा प्रवाह. चिनली वॉश (वॉश म्हणजे एरवी कोरडा असणारा ओढा) कागदावर नदीसारखा लांबच लांब दिसतो पण निळं दिसलं म्हणून पाणी धरू नका. त्यापेक्षा स्प्रिंग, वेल, विंडमिल हे शब्द शोधा, आणि कच्चे रस्ते कुठे येऊन मिळतात ते बघा. मेंढ्या पाळणाऱ्या लोकांचा मुलूख आहे, रस्ते पाण्याकडेच वळणार. काही शीटवर घराशेजारी होगन असंही छापलेलं असतं, होगन म्हणजे नवाजोंचं पारंपरिक घर. मग त्याच जागेची जुनी आणि नवी शीट एकावर एक ठेवा, कुठली विहीर आली, कुठला रस्ता गेला सगळं कळतं.

जुन्या शीटवरून यूटीएम आकडे (जागा मीटरमध्ये सांगणारे आकडे) उचलून जीपीएसमध्ये टाकताना डेटम, म्हणजे हे आकडे ज्या आधारावर मोजलेत तो, एनएडी २७ ठेवा (जुन्या अमेरिकन नकाशांचा आधार), नाहीतर जागा साधारण २०० मीटर सरकते. आणि खरंच जाणार असाल तर नवाजो नेशनचं परमिट आधी काढा, चिनलीजवळच्या कॅन्यन डी शे या खोल दरीच्या तळाशी फिरायला तर नवाजो गाइडच लागतो.