१२ जानेवारीच्या निमित्ताने : दिनविशेषाचा फळा कसा लिहावा

शाळेच्या किंवा वाचनालयाच्या दारातील फळ्यावर रोजचा दिनविशेष लिहिणाऱ्याला मजकुराची वानवा कधीच नसते. एकाच तारखेला इतके काही घडलेले असते की काय गाळावे, हाच खरा प्रश्न उरतो. सोलापुरात फळा लिहिणाऱ्याने निवडीची सुरुवात आपल्या गावापासून करावी, असे माझे ठाम मत आहे. १२ जानेवारी ही तारीख घेऊन ती रीत सांगतो.

आधी एक जाड वही करावी आणि तिच्यात प्रत्येक तारखेला एक पान द्यावे, २९ फेब्रुवारीलाही. घटना, जन्म आणि स्मृतिदिन वेगळे ठेवावेत. वर्ष, स्थळ आणि पूर्ण नाव यांतील एक जरी गोष्ट कमी असली, तरी ती नोंद फळ्यावर घेऊ नये.

सोलापूरची नोंद अशी होईल : ‘१९३१ – मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना पुण्याच्या येरवडा तुरुंगात फाशी.’ पहिल्या वर्षी जागा वाचवण्यासाठी मी ‘सोलापूरच्या चार हुतात्म्यांचा स्मृतिदिन’ एवढेच लिहिले होते. एक वयस्कर गृहस्थ फळ्यापुढे थांबले, धोतराच्या सोग्याने चष्मा पुसून त्यांनी ती ओळ पुन्हा वाचली आणि विचारले, “चौघांची नावं कुठं आहेत, बाळ?” मी खाली लिहिलेला सुविचार पुसला आणि त्या जागी चारही नावे लिहिली. तेव्हापासून सुविचाराला जागा उरली तरच तो लिहितो.

या नोंदीमागची हकिकत लिहिणाऱ्याला ठाऊक असली पाहिजे, कारण मुले विचारतात. गांधीजींना ५ मे १९३० रोजी अटक झाल्यावर गिरणी कामगारांसह सोलापूर रस्त्यावर उतरले, ८ मे रोजी गोळीबार झाला आणि १२ मेपासून ३० जूनपर्यंत शहरावर मार्शल लॉ लादण्यात आला. त्या दिवसांत झालेल्या पोलिसांच्या हत्येचा आरोप ठेवून या चौघांवर खटला चालवण्यात आला. १२ मे आणि १२ जानेवारी यांची गल्लत होऊ देऊ नये. गांधीजींची अटक मध्यरात्र उलटल्यावर झाली, त्यामुळे ४ मे अशी नोंदही आढळते. अशा वेळी घटनेची वेळ पाहून तारीख धरावी.

जुन्या तारखांच्या बाबतीत पंचांगाकडे लक्ष द्यावे लागते. जिजाऊंचा जन्म सिंदखेडराजा येथे पौष पौर्णिमा, शके १५१९ या तिथीचा. तिची १२ जानेवारी १५९८ ही तारीख जुन्या ज्युलियन गणनेची आहे आणि आजच्या ग्रेगोरियन गणनेने तोच दिवस २२ जानेवारीला येतो. फळ्यावर रूढ तारीखच ठेवावी, पण तिथीही शेजारी लिहावी. स्वामी विवेकानंदांचा जन्म १८६३ साली कोलकात्यात झाला, तेव्हा तेथे ग्रेगोरियन गणनाच चालू होती, म्हणून तेथे तारखेची अडचण येत नाही. त्यांचा जन्मदिवस १९८५पासून राष्ट्रीय युवा दिन म्हणून पाळला जातो. आपल्या सोलापूरच्या ग्रामदैवताची, सिद्धेश्वरांची, यात्रा संक्रांतीला, म्हणजे सूर्याच्या संक्रमणाला, बांधलेली असल्याने ती दरवर्षी याच सुमारास भरते, तिथीप्रमाणे मागेपुढे सरकत नाही.

नोंदी शेजारी आल्या म्हणजे त्यांचे नाते जुळवण्याचा मोह होतो, आणि तेथे सर्वांत अधिक सावध राहावे. जिजाऊ आणि विवेकानंद यांना जोडणारे या तारखेपलीकडे काही नाही. ते ओढूनताणून जुळवू नये. मात्र याच तारखेला १९३४ साली तेव्हाच्या बंगालमधील चितगावच्या तुरुंगात सूर्य सेन आणि तारकेश्वर दस्तीदार या क्रांतिकारकांना फाशी झाली. चितगावच्या शस्त्रागारावरील त्यांचा छापा १८ एप्रिल १९३०चा, म्हणजे सोलापूरच्या उठावाआधी महिनाही उलटला नव्हता. येथे नाते खरे आहे, पण ते १९३०च्या उन्हाळ्याचे आहे, १२ जानेवारीचे नव्हे. दोन्ही नोंदी एकाखाली एक लिहाव्यात आणि प्रत्येकीपुढे कंसात १९३०ची ती मूळ घटना द्यावी.

फळ्यावर चार-पाच नोंदी पुरेत. गावाची नोंद सर्वांत वर, मोठ्या अक्षरांत. बाकीच्या वर्षांच्या क्रमाने. रात्री फळा पुसण्यापूर्वी मजकूर वहीत उतरवून घ्यावा आणि कोणी दुरुस्ती सुचवली असेल, तर तीही त्याच पानावर लाल शाईने टिपावी.