स्कॅनर घेण्याआधी स्लाइड मोजा

पहिलं काम दुकानात नाही, माळ्यावर आहे. स्लाइडचा, म्हणजे छोट्या चौकटीत बसवलेल्या पारदर्शक फोटो-फिल्मचा, डबा खाली काढा, पण पावसाळ्यात नको. दमट हवा म्हणजे बुरशीला आमंत्रण. एकेक स्लाइड खिडकीच्या उजेडात धरून बघा. हललेल्या, काळ्या पडलेल्या, एकाच देखाव्याच्या चार-चार असलेल्या बाजूला काढा. बाबांच्या डब्यात सहाशेवर निघाल्या, स्कॅन करण्याजोग्या अडीचशे उरल्या. हा आकडा कागदावर लिहून ठेवा, सगळी खरेदी त्याच्यावर ठरते.

मोजतानाच चौकटी बघून घ्या. पुठ्ठ्याची किंवा प्लास्टिकची ५ × ५ सेंटिमीटरची चौकट असेल तर चिंता नाही. काचेत बसवलेल्या वेगळ्या ठेवा, त्या स्कॅनरच्या होल्डरला (स्लाइड बसवायच्या साच्याला) जाड पडतात. ‘कोडाक्रोम’ (कोडॅकची जुनी रंगीत फिल्म) लिहिलेल्यांचाही वेगळा गठ्ठा करा, कारण पुढे येतंय.

आता यंत्र. घरातला कागदपत्रांचा साधा स्कॅनर चालणार नाही. त्याचा दिवा खालून असतो आणि स्लाइडला आरपार प्रकाश लागतो. झाकणातही दिवा असलेला फ्लॅटबेड, म्हणजे सपाट काचेचा स्कॅनर हवा. एप्सनचा व्ही ६०० तसा आहे, एका वेळी चार स्लाइड घेतो. अल्बममधले कागदी फोटोही करायचे असतील तर मी तोच सुचवेन. निव्वळ स्लाइडच असतील तर प्लस्टेकच्या ऑप्टिकफिल्मसारखा खास फिल्म स्कॅनर जास्त बारकावे टिपतो. सगळ्यांत स्वस्त म्हणजे छोट्या स्क्रीनची यंत्रं. ती स्कॅन करत नाहीत, आतल्या लहानशा कॅमेऱ्याने फोटो काढतात. काही सेकंदांत काम होतं, पण पांढऱ्या धोतराच्या चुण्या आणि सावलीतले चेहरे हरवतात. मला ते चेहरेच हवे होते.

खोक्यावरच्या मोठ्या डीपीआयला, म्हणजे एका इंचात किती ठिपके टिपतो त्या आकड्याला, भुलू नका. ३२०० डीपीआयला एका स्लाइडचं चित्र साधारण ४५०० × ३००० पिक्सेलचं होतं, भिंतीवर लावायला पुरेसं. पैसे वाढवायचेच तर इन्फ्रारेड सोयीसाठी वाढवा. प्लस्टेकच्या ८१०० मध्ये ती नाही, ८२००आय मध्ये आहे. फिल्मच्या रंगांतून इन्फ्रारेड आरपार जातो, धुळीवर अडतो. धूळ कुठे आहे ते यंत्राला तेवढ्यावरून कळतं आणि तासन्‌तास ठिपके पुसायचे वाचतात. कोडाक्रोमवर मात्र ही सोय नीट चालत नाही आणि चांदीच्या कृष्णधवल फिल्मवर अजिबातच नाही. डब्यात अशाच जास्त असतील तर जादा पैसे कशाला घालायचे? जुना स्कॅनर घेत असाल तर स्वतःची एक स्लाइड आणि लॅपटॉप बरोबर न्या, तिथेच चालवून बघा.

रबरी ब्लोअर आणि सुती हातमोजे आणा. पाणी लावू नका. मी रुमाल किंचित ओला करून बुरशीचा डाग पुसायला गेलो आणि आजीच्या खांद्यावरचा हिरवा रंग रुमालावर आला. फिल्मवरचा थर जिलेटिनचा असतो, ओलाव्याने मऊ पडतो. ती स्लाइड तशीच राहिली आहे.

पहिल्या स्कॅननंतर थांबून दुकानाची पाटी किंवा हातातलं घड्याळ बघा. अक्षरं उलटी असली, घड्याळ उजव्या हातात गेलं, तर स्लाइड पालथी बसली आहे. मूळ फाइल टिफमध्ये (चित्राचा तपशील न गमावणाऱ्या फाइल-प्रकारात) ठेवा. ३२०० ला एक सुमारे ४० एमबीची होते, म्हणून दोन हार्ड डिस्क धरून चाला, दुसरी भावा-बहिणीच्या घरी.

आणि स्कॅनर यायच्या आधीच आत्याला, मावशीला एक रविवार मागून घ्या. खिडकीपाशी बसवा, स्लाइड हातात द्या, फोन रेकॉर्डिंगला लावा. आमच्या आत्याने एकच स्लाइड पंधरा मिनिटं धरली होती: वाड्याच्या पायरीवर सात जण बसलेले. सातव्याचं नाव आता घरात फक्त तिला माहीत होतं.