सुट्टीत रत्नागिरीत मुले सांभाळताना

नोकरदार आईवडिलांची मुले दिवसभर सांभाळणाऱ्या ताईंनी मैदानी खेळ सकाळी नऊच्या आत किंवा पाचनंतर ठेवावेत आणि दुपारी झाडगावचे मत्स्यालय किंवा ब्रह्मदेशाच्या पदच्युत राजासाठी १९१० साली बांधलेला थिबा राजवाडा दाखवावा. मात्र वेळा आधी विचारून घ्याव्यात. कोकणात पारा विदर्भाइतका चढत नसला, तरी दमट हवेत घाम वाळत नाही आणि अंग निवत नाही, म्हणून खेळणारे मूल अचानक गप्प किंवा चिडचिडे झाले, डोके दुखते म्हणू लागले, तर त्याला सावलीत घेऊन ओल्या फडक्याने पुसावे, वारा घालावा व चिमूटभर मीठ घातलेले कोकम सरबत घोटघोट पाजावे. मूल गुंगीत असेल, तर तोंडात काहीही न घालता १०८ ला फोन करावा.

खरी काळजी भाट्याच्या किनाऱ्यावर घ्यावी. तिथे खाडीचे मुख जवळ असल्याने ओहोटीच्या वेळी मुलांना पाण्यात नेऊच नये. दोन्हीकडे लाटा फुटत असताना मधलाच पट्टा शांत दिसला, तर पाणी बहुधा तिथूनच आत ओढले जात असते; दुर्दैवाने मुलांना (आणि मोठ्यांनाही) नेमकी तीच जागा सुरक्षित वाटते. मूल हाताच्या अंतरावरच असावे आणि तेवढा वेळ मोबाइल पिशवीत राहावा. हवेच्या ट्यूबवर विसंबू नये, कारण वाऱ्याने ती पाहता पाहता दूर जाते.

आंबा देताना देठाचा चीक आधी धुऊन काढावा, कारण तो ओठांना लागला की कातडी भाजल्यासारखी होते.