व्हिडिओ कॉल एन्क्रिप्टेड आहे, मग कायद्याचं काय? या चुका टाळा

वेबआरटीसीवर (ब्राउझरमधूनच थेट कॉल करायचं तंत्र) व्हिडिओ कॉल उभा करणं आता दुपारभराचं काम झालंय आणि घोळही तिथूनच सुरू होतो. "सर, सगळं एन्क्रिप्टेड आहे" हे ऐकून कान किटले. बोलणं झाकलं जातं हो. कोण कुठून कोणाशी बोललं, ते उघडंच राहतं.

सगळ्यात मोठी चूक आयपी पत्त्याची, म्हणजे इंटरनेटवर कनेक्शन ओळखणाऱ्या क्रमांकाची. वेबआरटीसी दोन ब्राउझर थेट जोडायला बघतं, त्यामुळे दोघांचे पत्ते एकमेकांना कळतात. एका समुपदेशन अ‍ॅपची तपासणी करताना समुपदेशकाच्या क्रोममध्ये वेबआरटीसी-इंटर्नल्सचं, म्हणजे कॉलचा तांत्रिक तपशील दाखवणारं, पान उघडलं, तर रुग्णाच्या घरच्या कनेक्शनचा पत्ता समोर हजर. टीम म्हणाली, "ब्राउझर आता एमडीएनएसने लपवतो ना?" लपवतो, पत्त्याच्या जागी तात्पुरतं नाव देऊन, पण घरातल्या नेटवर्कचा. स्टनकडून (आपला बाहेरचा पत्ता आपल्याला सांगणारा सर्व्हर) मिळालेला बाहेरचा पत्ता तसाच पलीकडे जातो. त्यात स्टन सर्व्हरही ट्युटोरियलमधून उचललेला, कुणाचा तरी फुकटातला. म्हणजे प्रत्येक रुग्णाचा पत्ता तिसऱ्याच्या हाती आणि रुग्णाला दाखवलेल्या संमतीच्या नोटिशीत त्याचा उल्लेखही नाही! आयपी पत्ता वैयक्तिक माहिती ठरू शकतो, हे युरोपियन युनियनच्या न्यायालयाने ब्रायर खटल्यात २०१६ मध्येच सांगितलंय.

असल्या कॉलला मी आइसट्रान्सपोर्टपॉलिसी ही सेटिंग सरळ 'रिले'वर टाकतो, म्हणजे कॉल थेट न जाता मधल्या टर्न सर्व्हरमार्फतच जातो. तो टर्न सर्व्हर आपला स्वतःचा. बँडविड्थचं बिल वाढतं. वाढू दे. पैसे वाचवायचे तर कँटीनच्या चहात वाचवा.

आता त्या टर्नच्या लॉगमध्ये (नोंदींमध्ये) दोन्ही पत्ते येणार. अनधिकृत वापर शोधता यावा म्हणून लॉग वर्षभर ठेवायला आपल्या डीपीडीपी (डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण) नियमांत सांगितलंय. तेच लॉग मार्केटिंगवाल्यांना डॅशबोर्डसाठी द्यायला नाही.

रेकॉर्डिंग आधी सुरू आणि संमती नंतर, हा प्रकार तर बोलण्याच्याही पलीकडचा.

संमतीची नोटीस फक्त इंग्रजीत नको. इंग्रजी किंवा आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी कोणतीही निवडायची सोय हवी, त्यात मराठी आलीच.

कॅलिफोर्नियात ग्राहक असतील तर ब्राउझरकडून येणारा 'सेक-जीपीसी' हेडर, म्हणजे 'माझी माहिती विकू नका' हा ग्राहकाचा इशारा, वाचा. तो न मानल्याच्या आरोपासह इतर आरोपांवरून सौंदर्यप्रसाधनं विकणाऱ्या सेफोराने २०२२ मध्ये १२ लाख डॉलर मोजून तडजोड केली.

डीपीडीपीचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, मुख्य तरतुदींना १८ महिन्यांची मुदत आहे. "मग पुढच्या वर्षी बघू" म्हणणाऱ्यांनी निदान तो चिकटवलेला स्टनचा पत्ता आज काढावा. एका ओळीचं काम आहे.